पायरीवर फक्त बसायचंय!

...नाही, पण मला सांगा, स्वतःच्या घराच्या पायरीवर बसायला परवानगी लागते का? लागते! आणि ती कुणामुळे मिळत नाही? माझ्यामुळे! थांबा, नीट सांगते.

मी आर्किटेक्ट. एका कंपनीचं मुख्यालय करतेय, अगदी पर्यावरणपूरक, छतावर गवत, भिंती मातीच्या, एसी नाही, साहेब घामाघूम पण खूश! जागा कुठली? जिथं आमची वस्ती होती तीच! वस्ती उठवून रंगाचा कारखाना आला, तोही बंद पडला, मग विषारी माती उपसली, नवी भरली, झाडं लावली... या सगळ्यातून एका कोपऱ्यात काय वाचलं असेल? आमच्या घराची दगडी पायरी! आईला सांगितलं मात्र, तिचं सुरू. "एकदा ने गं मला." दुसरं काही मागत नाही हो ती, पायरीवर फक्त बसायचंय!

तर साहेब म्हणतात, "मॅडम, त्या कोपऱ्यात पार्किंग घ्या ना, चाळीस गाड्या बसतील!" गाड्या बसतील आणि माझी आई नाही? माझं डोकंच फिरलं. नकाशावर तिथं हिरवा गोल काढला न् ठोकून दिलं, "संरक्षित अधिवास, माणसांना प्रवेश बंद!" साहेब गहिवरले. "वा! याला म्हणतात दृष्टी!" कुंपणसुद्धा नकाशात मीच काढलं, इतकं सुरेख... फाटक काढायचं राहिलं!

मग गेले आमच्या पर्यावरण सल्लागारांकडे. गवतेकाका म्हणतो आम्ही त्यांना. म्हटलं, काका, पाच मिनिटं, आईला पायरीवर फक्त बसायचंय! तर कुजबुजत म्हणतात, "हळू बोला मॅडम, माती आत्ता कुठे सावरतेय... आणि नियम तुमचाच ना?"

कप्पाळ!

शेवटी काल आईला आणलं, कुंपणाशी खुर्ची टाकून बसवलं. बघतो तर काय, पायरीवर टिटवी! अंडी घालून ठाण मांडून बसलेली, आमच्यावरच डोळे वटारून ओरडतेय! माझा असा संताप झाला, म्हटलं, आई, नियम गेला खड्ड्यात, मी तिला हुसकावते आणि तुला उचलून आत नेते!

आईनं माझा हात घट्ट धरला. मग म्हणाली, "राहू दे गं. तुझ्या वेळी मीही तिथंच बसून असायचे... कुणी उठ म्हटलं की अशीच ओरडायचे."

आता सांगा, कुठल्या तोंडानं उठवू तिला?