चांद्या, पवळ्या आणि तिसरा विद्यार्थी

(नांदुरा स्टेशनाहून वडनेर भोलजीला आलेली दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी. हाकतात शेषराव. मागे त्यांचा मुलगा शालिग्राम, इंग्रजीचा शिकाऊ मास्तर. शेजारी त्याचा परीक्षेचा पाठ पाहायला आलेले शाळाखात्याचे डिप्टीसाहेब.)

डिप्टी : शेषराव, आत्ता मागे गेली ती शाळाच ना?

शेषराव : हाव साहेब. शाळाच व्हती.

डिप्टी : मग आपण थांबलो का नाही?

शेषराव : मी थांबलो न साहेब. बैल थांबले नाईत.

डिप्टी : कासरा ओढा.

शेषराव : ओढूनच राह्यलो. हो! हो रे चांद्या! पाहा, कसा मान वळवून पाहते माह्याकडे, जसा मी कोनी काबुली हाय. सहा वर्सं झाले घरचे बैल. दोन महिने पायाले नारू होऊन खाटेवर काय पडलो, या पोराच्या हाती बैल काय दिले, वळखच सोडली!

शालिग्राम : बाबा, उतरणीपाशी थांबतील.

शेषराव : उतरनीखाली नदी हाय बे.

डिप्टी : शालिग्राम, अकराला तुमचा पाठ आहे. मागच्या वेळी तुम्ही पुस्तकामागे तोंड लपवून छताला शिकवत होतात. आवाज पहिल्या बाकापर्यंतही आला नाही. ही दुसरी संधी, आणि शेवटची. आज नापास झालात तर नाव कमी होईल. आणि तुम्ही मला गावाबाहेर नेताय.

शालिग्राम : मी नाही साहेब. बैल...

शेषराव : नापास झाला तं पोरगा वावरात वखर हानीन, त्यात का लाज? पर असे बैल घेऊन वखर तरी कसा हानाव?

डिप्टी : शेषराव, नदी दिसू लागली.

शेषराव : मलेबी दिसते साहेब.

शालिग्राम : स्टॉप!

शेषराव : आं? थांबले?

डिप्टी : थांबले. पलीकडचा मेंढपाळही थांबला. हे काय आहे, शालिग्राम?

शालिग्राम : माफी असावी साहेब. पाठात मराठी शब्द काढायचा नाही, हातवाऱ्यांनी शिकवायचं, असं मास्तरांच्या नॉर्मल स्कुलात सांगितलं. सराव कराले वर्ग नव्हता. वावरात हे दोघं होते.

डिप्टी : दोन महिने?

शालिग्राम : रोज. बरोबर आलं तर सरकीच्या ढेपेचा तुकडा. चुकलं तर रागवायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून. चांद्या लवकर शिकला. पवळ्या जरा मागच्या बाकावरचा आहे.

डिप्टी : आणि मराठी?

शालिग्राम : मराठीत कोणी बोललं तर ऐकायचं नाही, असा नियम केला. त्यांनी पाळला.

शेषराव : माह्या गोठ्यात नियम झाला अन् मलेच पत्ता नाई!

शालिग्राम : लिहा साहेब शेरा. वर्गात उभा राह्यलो का असंच वाटते, पोरं म्हनत असतील, हा कायचा मास्तर, हा तं बैलामागचा गडी. मंग आवाजच निघत नाई.

डिप्टी : आत्ता निघाला की. शेरा नंतर. शाळेत परत जायचंय आणि हाकणाऱ्याला बैलांची भाषा येत नाही. शिकवा त्यांना. हाच तुमचा पाठ. मराठी शब्द काढायचा नाही.

शालिग्राम : बाबाले?

डिप्टी : हा एक शब्द माफ.

शेषराव : साहेब, पन्नाशीत माह्या तोंडी इंग्रजी?

शालिग्राम : टर्न.

शेषराव : हात काऊन फिरवते बे? जातं फिरवू? पगडी बांधू?

शालिग्राम : टर्न.

शेषराव : अस्सं! वळवू? टर्न रे चांद्या, टर्न! वळले! साहेब, पवळ्याबी वळला!

शालिग्राम : गुड! नाऊ, गो!

शेषराव : गो! गो रे पवळ्या! अन् तू पाठ काऊन थोपटून राह्यला माही? पोरगा हायस का बाप?

डिप्टी : शाळा आली, शेषराव. पोरं फाटकाबाहेर आलीयेत.

शेषराव : इस्टाप. साहेब, नाई थांबत.

शालिग्राम : नो, नो. स्टॉप! ऑल! स्टॉप!

डिप्टी : अरे! तुम्ही हात करताच सगळी पोरं 'स्टॉप' ओरडताहेत. मागच्या वेळी हीच पोरं मुकी वाटली होती मला.

शेषराव : स्टॉप!... थांबले. फाटकातच थांबले, साहेब.

डिप्टी : पाठ उत्तम. वर्ग मोठा, शिस्त बरी. पास. चला मास्तर, आत चला.

शेषराव : मास्तर.

शालिग्राम : काय बाबा?

शेषराव : माहं बरोबर आलं न? मंग माही ढेप?