पुलाजवळची जागा

तोमोए : दिली म्हणजे? कुणाला दिलीस?

इसाओ : ताई, हळू बोल. लोक बघतायत.

तोमोए : बघू देत! पहाटे तुला ताडपत्री देऊन कशाला पाठवलं होतं? पुलाजवळच्या बाबांच्या झाडाखाली जागा धर, कोपऱ्यांवर दगड ठेव, नावाची चिठ्ठी चिकटव आणि जागचा हलू नकोस. एवढंच ना?

इसाओ : केलं की सगळं. दोन तास कुडकुडत बसलो. मग एक कुटुंब आलं, त्यांना जागा दिली आणि मी इकडे आलो.

तोमोए : इकडे! या काटकुळ्या झाडाखाली, संडासाच्या वाटेवर! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बेचाळीस वर्षं चेरीच्या प्रत्येक बहराला आपण त्या झाडाखाली बसलोय. बाबा गेल्यावरचा हा पहिलाच बहर. वृद्धाश्रमाची गाडी आईला अकराला सोडणार, बाराला परत नेणार. एक तास मिळालाय, इसाओ! उद्या पाऊस आहे, म्हणजे फुलं संपलीच. पुढच्या साकुराच्या बहराला आई असेल की नाही कुणास ठाऊक, आणि तू जागा वाटत सुटलास?

इसाओ : मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?

तोमोए : काय ऐकायचं तुझं? जन्मात कधी काही अंगावर घेतलंयस? मी तीनला उठलेय. भाताचे गोळे, अंड्याची गोड वळकटी, बाबांना लागायचे तसे बांबूचे कोंब. पाच थरांचा डबा!

इसाओ : तीन माणसांना पाच थर?

तोमोए : तोंड सांभाळ हं!

इसाओ : ती बघ, गाडी आली.

(तोमोए आईची चाकाची खुर्ची ढकलत झाडाखाली आणते.)

तोमोए : आई, तुझ्या या दिवट्याने बाबांची जागा घालवली बघ. थांब, मी त्या लोकांना वाकून विनंती करते, उठवतेच त्यांना.

आई : खबरदार!

तोमोए : आई?

आई : मीच सांगितलं त्याला, परवा फोनवर. म्हटलं, त्या झाडाखाली नेलंस तर गाडीतून उतरायचीच नाही मी.

तोमोए : अगं, पण आपलं झाड ते...

आई : तुझ्या बापाचं झाड. त्याचं आणि त्याच्या कारखान्यातल्या टोळक्याचं. बेचाळीस वर्षं बसलो म्हणतेस, मी कधी बसले गं? साकेची दारू गरम कर, बशा पूस, सगळ्यांचे बूट नीट लाव. त्याचा साहेब ओकला, तेही मीच निस्तरलं. वर हा चारचौघांत ओरडणार, ‘मित्सुए, अंडं खारट झालंय!’ त्या झाडाची मुळं मला तोंडपाठ आहेत. वर काय होतं ते मला विचारू नकोस.

तोमोए : मग बोलली का नाहीस कधी?

आई : विचारलं कुणी? तू विचारलंस?

तोमोए : हो, मीच वाईट! पहाटेपासून मी राबायचं, आणि बोलणी पण मीच खायची. याने नुसता फोन उचलला, तर हा गुणी बाळ!

आई : रागाव, खुशाल रागाव. मी अठ्ठ्याऐंशी वर्षं लावली रागवायला. तू तेवढी लावू नकोस.

इसाओ : आई, पाऊण तासच राहिलाय.

तोमोए : अगं बाई! थांबा, डबा उघडते. इसाओ, चहा ओत. आई, आधी काय वाढू? अंडं देऊ?

आई : तोमोए.

तोमोए : काय गं, रुमाल हवाय?

आई : झाकण लाव त्याला.

तोमोए : अगं, तू काहीच खाल्लं नाहीस अजून.

आई : झाकण लाव म्हणते ना! आणि बस इथे, माझ्या पायाशी. आता वर बघ.

तोमोए : आई...

आई : बघ तर.

तोमोए : ही फुलं तर पांढरी आहेत गं. मी इतकी वर्षं गुलाबी समजत होते.

आई : मीसुद्धा.