पुढं मी, मागं रुचिता

बोईसरच्या एसटी स्टँडवर मासे विकून मुरब्याला परतणाऱ्या दोघी माझ्या शेजारी बसल्या होत्या.

“जमने, तुझ्या सुजीतनं नवा फोन घेतला ना? फोटो दाखव की.”

“हा बघ. आम्ही बोंबील वाळत घालताना त्यानं काढला.”

“ही तर तुमच्या शेजारची रुचिता! काय झकास आलीय. आन् मागं धुरकट कोण हाय?”

“मी.”

“अगो, दोन कॅमेऱ्यांचा फोन हाय. मागचं आपोआप ब्लर करतो. त्यात नवऱ्याचा काय दोष?”

“तोपण हेच बोलला. मंग मी पुढं उभी रायले. बोलले, आता माझा काढ. ती मागं बोंबील उलटत व्हती.”

“दाखव.”

“घे.”

“अगो बाय! मागं रुचिताच्या कानातलं फूलपण दिसतंय.”

“आन् मी?”

“गाडी आली बघ. पाटी उचल.”