गाळणीखालचे कपटे

(बोरिवलीतली एक सोसायटी, चौथा मजला. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक विद्याधर आणि शेजारची ऋता, इयत्ता पाचवी.)

ऋता : …कागदाचे कपटे हलतच नाहीयेत आजोबा! मगाशी तर कंगव्याला टणाटण चिकटत होते.

विद्याधर : आता खाली स्टीलचं ताट, वर पालथी स्टीलचीच गाळणी. विजेची ओढ जाळीतून आत जात नाही. तीस वर्षं वर्गात दाखवलं, एकदाही फसलं नाही.

ऋता : झकास! तुमच्या जाड वहीत पण हेच आहे?

विद्याधर : त्याच्या पुढचं. उजेड म्हणजे वीज. आणि पृथ्वी आपल्याला खाली ओढते ना, ती ओढसुद्धा वीजच. कंगवा कपट्यांना ओढतो, तशी.

ऋता : कोणाकोणाला माहितीये हे?

विद्याधर : तुला आणि मला. आमच्या मुकुलला दाखवलं होतं. चार पानं वाचली आणि म्हणाला, "बाबा, हे चूक आहे." मी म्हटलं, मग माझ्या घरी येऊ नकोस.

ऋता : आणि काका आलेच नाहीत?

विद्याधर : सहा वर्षं झाली.

ऋता : राहतात कुठे, अमेरिकेत?

विद्याधर : मुलुंडला.

ऋता : हॅ! मुलुंडहून तर माझी मावशी दर रविवारी येते. …आजोबा, एक विचारू? रागावणार नाही ना?

विद्याधर : प्रश्नाला मी कधी रागावलोय?

ऋता : काकांवर रागावलात ना.

विद्याधर : त्यानं प्रश्न नव्हता विचारला, निकाल दिला होता. विचार तू.

ऋता : पृथ्वीची ओढ पण वीजच, तर ती जाळीच्या आत कशी गेली? कपटे तरंगायला नकोत? हे तर गप पडलेत. आपली लिफ्ट पण लोखंडीच. आत शिरलं की पप्पांचं नेटवर्क जातं. माझं दप्तर मात्र तेवढंच जड.

विद्याधर : थांब. जरा थांब हं.

ऋता : चुकलं माझं?

विद्याधर : नाही गं बाळा. तीस वर्षं ही गाळणी माझ्याच हातात होती.

ऋता : म्हणजे वहीची वाट लागली?

विद्याधर : लागली.

ऋता : सॉरी. मी कोणाला नाही सांगणार.

विद्याधर : छे! चूक सापडली की सगळ्यांसमोर पुसायची, हेच शिकवत आलो मी मुलांना. तो मोबाईल दे इकडे.

ऋता : काकांना लावताय? काय सांगणार?

विद्याधर : तो बरोबर होता, एवढंच.

ऋता : उचलला?

विद्याधर : वाजतोय अजून.

ऋता : मग मी जाऊ?

विद्याधर : बस गं. तो उचलेपर्यंत तरी बस.