उजवा हात, डावा कान

वकील: थांबा, थांबा बनाबाई! मी काय विचारलं? नातीचा जन्म कधीचा, एवढंच. तुम्ही पार स्वतःच्या लग्नापासून सुरुवात केलीत.

बनाबाई: मग कुठनं करू? माजं लगीन न्हाय तर लेक न्हाय, आन् लेक न्हाय तर गुलाब कुठली?

वकील: अकरा वाजता कोर्ट बसतं. जज्जसाहेबांना तुमची तीन पिढ्यांची कहाणी ऐकायला सवड नाही. परवा रविवारी गुलाबचं लग्न आहे. ते थांबवायचं तर आज मनाई हुकूम मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी पोरगी अठराची नाही हे मला दाखवायचंय. हं, बोला. जन्म?

बनाबाई: भात्तरच्या दुष्काळातला. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडीत व्हतो आमी. संक्रांत हून गेल्ती. लेकीला तितंच खडीच्या ढिगाऱ्यामागं कळा लागल्या. मुकादम म्हनला, आधी हजेरी लावा, मग काय ते करा.

वकील: हे चांगलंय. हे असंच सांगा. तारीख?

बनाबाई: त्या दिशी सुकडी आली न्हवती.

वकील: तारीख, बनाबाई.

बनाबाई: तीच सांगाय लागले की! समद्या कामावर खायाला सुकडी वाटायची गाडी रोज यायची, त्यो एक दीस आली न्हाय. परंडा तालुक्यात कुनालाबी इच्यारा.

वकील: जज्ज नाशिकचे आहेत.

बनाबाई: त्येला आमी काय करावं?

गुरुजी: साहेब, तुमचं चालू द्या. मी बाहेर बसतो. माझं काम काय, अक्षर माझंच आहे एवढं सांगायचं. ते झालं की बाराच्या गाडीनं मी परत.

वकील: बसा व्यंकट गुरुजी. आज सगळं काम तुमच्याकडंच आहे. हे शाळेचं रजिस्टर. वाचा बरं ही ओळ.

गुरुजी: दाखल क्रमांक दोनशे चौदा. कुमारी गुलाब बलभीम. जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्तर. बघा साहेब, खाडाखोड आहे का कुठं? एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या रजिस्टरवर शाईचा डाग नाही. आदर्श शिक्षक पुरस्कार काय उगीच मिळाला?

वकील: म्हणजे कागदावर ती सोळा दिवसांपूर्वी अठराची झाली. तिच्या बापाचा वकील हेच पान घेऊन उभा राहणार.

बनाबाई: जावई लई बेरकी! लोकांत म्हनायचा, धोंड्याचा म्हयना चालूय, त्यो सरला की बार उडवू. आन् मनात ध्यान एक तारखेवर. पोराचा बाप सोसायटीचा चेरमन हाय नव्हं? ह्येला संचालक व्हायचंय. पोरगी देनार आन् खुर्ची घेनार.

वकील: गुरुजी, आता खालची नावं वाचा. नुसत्या जन्मतारखा.

गुरुजी: एक जून. एक जून. एक जून... साहेब, सगळीकडं हीच पद्धत आहे. आईबापाला तारीख ठाऊक नसते. शाळा जूनात उघडते. आम्ही एक जून लिहितो.

वकील: पद्धत मला सांगू नका. वीस वर्षं झाली मला सरकारतर्फे उभा राहून. पोरीबाळींच्या अशा दहा प्रकरणांतली नऊ मी एक जूनपायी हरतो. समोर कुठलाही वकील असू द्या, माझा खरा वैरी एक जून!

गुरुजी: आपली जन्मतारीख कोणती साहेब?

वकील: एक जून. पुढं बोला. तारखेचं जाऊ द्या, साल कशावरून लिहिलंत?

गुरुजी: कानावरून.

वकील: ऐकीव?

गुरुजी: नाही हो, कान! पोराला उभं करायचं. उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागला की सहा वर्षं पूर्ण. लागला नाही तर, जा घरी, पुढल्या साली ये. सरकारी शाळांतला रिवाज आहे हा, मी काही घरी शोधून काढला नाही.

वकील: आणि गुलाबचा हात लागला?

गुरुजी: लागला म्हणूनच तर लिहिलं.

वकील: करून दाखवा.

गुरुजी: आता? इथं?

वकील: कोर्टात करायला लावतील. इथं सराव करा.

गुरुजी: हे बघा, असा हात घ्यायचा, असा डोक्यावरून... आई गं! खांदा धरलाय साहेब. तीस वर्षं फळ्यावर लिहून लिहून हा हात वर जात नाही.

बनाबाई: म्हंजे गुर्जी, तुमास्नी अजून सहा पुरी न्हाईत! चला घरी, पुढल्या सालाला या.

वकील: बनाबाई, हसू नका. गुरुजी, मी हिशेब सांगतो. दुष्काळातली, म्हणजे त्र्याहत्तरची संक्रांत धरली तर शहात्तरच्या जूनमध्ये, तुम्ही नाव घातलंत तेव्हा, ती साडेतीन वर्षांची होती. साडेतीन वर्षांच्या पोराचं डोकं मोठं, हात आखूड. माझ्या नातवावर मी काल करून बघितलं. हात टाळूवरच राहतो.

गुरुजी: काही मुलांचे हात जन्मतः लांब असतात.

बनाबाई: गुर्जी!

गुरुजी: असतात, बनाबाई.

बनाबाई: म्या दारात हुबी व्हते. पोरीला उगंच आनली व्हती संगं, घरी धरायला कुनी न्हवतं म्हनून. तुमीच म्हनले, ये गं ठमे, गूळ देतो. लाकडी खुर्चीवर हुबी केली तिला. हात डोक्यावर ठिवला तिनं. मग तुमी काय केलं? आता तुमी सांगता का म्या सांगू?

गुरुजी: बारा वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं?

बनाबाई: मला आठवतं. गूळ मुंगळ्याचा व्हता.

वकील: गुरुजी, त्या दिवशी एकाच वेळी एकोणीस नावं दाखल झालीत. पटावर एकूण चाळीस झाले. बरोब्बर चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

गुरुजी: ... चाळीस लागत होते.

वकील: कशाला?

गुरुजी: दुसऱ्या शिक्षकाला. चाळिशीच्या खाली पट गेला की दुसरं पद जाणार होतं. चार वर्ग, मी एकटा! एकाला पाढे सांगावेत तर दुसरा वर्ग झाडावर. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते आणि तीन पोरं कमी पडत होती. वाडीत सहा वर्षांचं एकही शिल्लक नव्हतं. मी घरोघर फिरलो हो.

बनाबाई: शेळीला कान धराय आला असता तर तिलाबी पयलीत बशिवली असती ह्येनी.

वकील: गुलाबचा हात लागला नाही. मग तो लावला कसा?

गुरुजी: मान... मान जराशी वाकवली तिची. खांद्याकडं. मग बोटं लागली.

वकील: कुणी वाकवली?

गुरुजी: मी. हातानं. पण हळूच हो! रडलीसुद्धा नाही ती. गूळ खात होती.

वकील: झालं. हेच कोर्टात सांगायचं.

गुरुजी: तुम्हाला काय जातंय सांगायला? भर कोर्टात म्हणू, मी खोटी नोंद केली? उद्या माझी पेन्शन अडकली तर? पुरस्कार परत मागितला तर? आणि ही बघा लग्नाची पत्रिका. प्रमुख उपस्थितीत तिसरं नाव कुणाचंय?

वकील: आदर्श शिक्षक श्री. व्यंकट गुरुजी. मोठ्या टायपात आहे.

गुरुजी: चेअरमनसाहेबांच्या खालोखाल! कारखान्याचे संचालकसुद्धा माझ्या खाली आहेत. त्या मांडवात जायचं सोडून मी इथं... वाडीत तोंड कुठं दाखवू?

वकील: हे बघा गुरुजी, मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. काही होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. विचारतील, कदाचित नोटीसही येईल. आली तर घेऊन या, तिचं उत्तर मी स्वतः लिहीन. पण तुम्ही गप्प बसलात तर हे पान खरं ठरतं, आणि रविवारी संध्याकाळी पोरगी नांदायला जाते. माझ्याकडं दुसरा साक्षीदार नाही. एक बनाबाई, आणि त्यांची तारीख म्हणजे न आलेली सुकडी.

बनाबाई: म्या काय म्हनते गुर्जी, काल पोरीला म्या म्हनलं, त्यो म्हातारा काय बोलायचा न्हाय, चेरमनला भितोय. तर ती मलाच म्हनती, आजी, गुरुजी खोटं बोलत न्हाईत. तेनीच शिकिवलं आमास्नी. म्या म्हनलं, पोरी, अजून तुला कायबी अक्कल न्हाय.

गुरुजी: असं म्हणाली ती?

बनाबाई: व्हय. आता ह्यावरनं तरी वय वळखा की तिचं! अठराची असती तर असं म्हनली असती का?

वकील: पुकारा झाला. चला. बनाबाई, विचारलं तेवढंच बोलायचं.

बनाबाई: तेवढंच बोलते की मी. सारखं काय सांगताव!

(दुपारचा एक. कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या गाड्याजवळ तेच तिघं.)

वकील: घ्या, चहा घ्या. मनाई हुकूम निघाला. पोलीस आजच वाडीत जातील. गुरुजी, बशीत ओता, गरम आहे.

गुरुजी: मला वाटलं, जज्जसाहेब मला तिथंच धरून बसवतात.

वकील: धरायला त्यांचा हात मोकळा कुठं होता? तुम्ही सांगायला लागलात आणि शिरस्तेदारानं स्वतःचा कान चाचपून बघितला. मग बेलिफानं. शेवटी खुद्द जज्जसाहेबांचा हात डोक्यावर! निम्मं कोर्ट कान धरून बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

बनाबाई: जज्जाचा लागला बरं का. म्या बघितलं. पास हाय त्यो.

वकील: आणि तुम्ही? मी सांगितलं होतं ना, विचारलं तेवढंच? जज्जांनाच विचारलंत, तुमची जन्मतारीख कुठली म्हणून!

बनाबाई: मग काय झालं? इच्यारल्यानं काय झिजतंय व्हय? त्येंनी सांगितली बी.

वकील: पण खरं काम गुरुजींनी केलं. मान वाकवल्याचं तुम्ही असं स्वच्छ सांगितलंत की समोरच्या वकिलाला उलटतपासणीत काही उरलंच नाही. शेवटी अडला बिचारा, म्हणून तो वेडावाकडा प्रश्न टाकला. पोरगी पहिलीत तीन वर्षं का बसली म्हणे. त्याचा इथं काय संबंध! तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तेही बरंच झालं.

गुरुजी: उत्तर येत नव्हतं असं नाही साहेब.

बनाबाई: त्यात काय उत्तर? ढ हाय ती. समद्या वाडीला म्हाईत हाय. तिचा बाप त्येच म्हनतोय. धाव्वीचा कागद अजून यायचाय तर म्हनतो, निकालाची वाट काय बघायची, पयलीलाच तीनदा बसलेली पोरगी! हिला शिकवून काय करायचं, उजवून टाका. ती बी तसंच म्हनती, आजी, मी मुळातलीच ढ हाय.

गुरुजी: ती कुठाय आत्ता?

बनाबाई: तिकडं पायरीवर. पोलीसबाई बसलीय तिच्यासंगं. रडती आन् हसती, दोनी चालूय. का ओ?

गुरुजी: मी लई मारलं तिला, बनाबाई. पाटीवर ‘अ’ निघायचा नाही, पेन्सिल धरता यायची नाही. सहा वर्षांची घोडी झाली तरी, असं म्हणायचो मी! छडीनं मारायचो. आणि रजिस्टर तर माझंच होतं. मीच लिहिलेलं, आणि मीच खरं धरून बसलो. पहिल्या साली नापास केली, दुसऱ्या साली नापास केली...

वकील: गुरुजी, असू द्या आता.

गुरुजी: असू कसं द्यायचं साहेब? मघाशी त्या पिंजऱ्यात उभं राहून पहिल्यांदा हिशेब केला मी. पहिल्या छडीच्या वेळी ती साडेतीन वर्षांची होती. चला बनाबाई, मला तिच्याकडं न्या. तिला सांगायचंय, ती ढ नव्हती म्हणून.

बनाबाई: मग तीन वर्सं का बसली पयलीत?

गुरुजी: लहान होती हो. नुसती लहान होती.