हन्नाची बडबड

छत्तीस सालची गोष्ट. नवापूर स्टेशनवर बाकावर माझ्या शेजारी शाळेचे मास्तर बसले होते, आणि खाली जमिनीवर शमुवेल नावाचा शेतकरी.

“शमुवेल, तुझ्या थोरलीला, हन्नाला, शाळेत का पाठवत नाहीस?”

“तुम्हीच हाकललं, मास्तर. तोंडावर छडी मारली.”

“धडा चालू असताना सारखी बडबडायची. चार वेळा बजावलं होतं.”

“बडबड नव्हती ती. तुम्ही मराठीत जे सांगायचा, ते ती बाकीच्या पोरांना आमच्या बोलीत सांगे.”

“मला हे कुणी बोललं नाही.”

“कोन बोलनार? मराठी येनारी ती एकलीच व्हती.”

“हल्ली वर्ग शांत असतो. काही विचारलं की सगळे खाली बघतात.”

“मंग, तुम्हाला तेच पाहिजे व्हतं ना?”

“तिला परत पाठव. मी हात लावणार नाही.”

“तिला मावशीनं सुरतकडे कामाला नेली. जाईपर्यंत घरातबी कोनाशी बोलली नाही.”

“आणि धाकटी?”

“धाकटी येईल सोमवारी. तिला सांगून ठेवलं शे, समजलं तरी तोंड उघडायचं नाही.”