सदतीस खड्डे

— आणि वर शाल! बस, मुकुल, बस. त्या स्टुलावर नको, ते दगडू मिस्त्रीचं, माझ्या नवऱ्याचं, त्याचा एक पाय डुगडुगतो, पडलास तर कंपनीत सांगशील म्हातारीने ढकललं. खोक्यावर बस. नारळ खाली ठेव. शाल पण ठेव, लोकर चांगली दिसतेय, तेल बरं टिपेल. हसू नकोस, मी हसायला बोलत नाहीये. मघाशी तू केशरबाईकडे चहा सांगायला गेलास ना, तेवढ्यात मी तुझा कागद वाचला. दोन्ही पानं. मला इंग्रजी येत नाही असं वाटलं तुला? अरे, स्पेअर पार्टच्या डब्यांवरनं शिकलेय मी इंग्रजी — जेट, नीडल, फ्लोट, गॅस्केट — तू पाटी चाटत होतास तेव्हापासून. तर काय लिहिलंय त्यात, सांगू तुला मराठीत? की मी, भीमाबाई, कारागीर, लिहून देते की श्री. मुकुल यांनी दिलेल्या आराखड्याप्रमाणे मी पत्रा कापून दिला. पत्रा कापून दिला! म्हणजे तू आखलंस आणि मी कात्री चालवली. खाली माझ्या नावापुढे फुली मारून ठेवलीयस पेन्सिलीने, बाईला सही कुठे करायची ते कळावं म्हणून. किती काळजी रे तुला!

नाही, तू थांब. आज मी बोलणार. इतके दिवस फोन नाही, दिवाळीला नाही, जयंतीला नाही, आणि आज वर्तकनगरहून थेट वागळे इस्टेट, पेढ्यांचा बॉक्स घेऊन — का? मला ठाऊक नाही असं समजू नकोस. कल्याणच्या त्या दौलत मंडपवाल्याचा जनरेटर उघडला तुमच्या कुणीतरी, आणि आत निघाली माझी रवी. नऊ वर्षांपूर्वीची! त्याच चकतीवरचं तुझं पेटंट तीन वर्षांचं आणि रवी नऊ वर्षांची, कसं जमायचं? दौलतनेच सांगितलं मला, हसत हसत, की मावशी, तुमच्या पोराला घाम फुटला. माझं पोर म्हणाला तो तुला. मी पण दुरुस्त केलं नाही त्याला, हे माझंच चुकलं.

काय? व्हॉर्टेक्स? व्हॉर्टेक्स तुझ्या कागदात म्हण, इथे तिचं नाव रवी आहे. ताक घुसळते ती रवी. आणि ती का लागते हे तुला या खोक्यावरच बसवून समजावलं होतं की नाही? तेव्हा मान डोलवत होतास. पिठलं करताना बेसन तसंच ओतलं पाण्यात तर काय होतं? गुठळी. वरनं शिजलेली, आत कोरडी. पेट्रोलचं तेच. कार्बोरेटर पेट्रोल उडवतो हवेत, बरोबर, पण पुढे नळी वाकडी असते, वळणावर हवा निघून जाते आणि पेट्रोलचे थेंब भिंतीला लागून ओघळतात, आंघोळीनंतर भिंतीवरनं पाणी ओघळतं तसे. एका झटक्याला इंजिनाला पेट्रोल जास्त, दुसऱ्या झटक्याला नुसती हवा. जास्तीचं पेट्रोल जळत नाही, धूर होऊन बाहेर येतं, आणि मिस्त्री काय करतो? स्क्रू पिळतो. पिळून पिळून स्क्रूचं डोकं जातं, धूर तसाच. कारण पेट्रोल किती घातलं हा प्रश्नच नाही, ढवळलं का हा प्रश्न आहे! म्हणून कार्बोरेटर आणि नळीच्या मध्ये एक चकती, तिला सहा पाकळ्या, हवेला गिरकी द्यायची, थेंब फोडायचे. पाकळी जास्त वळवली तर हवाच अडते, इंजिन धापा टाकतं. कमी वळवली तर असून नसून सारखी. किती वळवायची? तू अंशात लिहिलंयस. मी काडेपेटीच्या दोन काड्या खाली सरकवून वळवली होती. सात चकत्या वाया घालवल्या तेव्हा दोन काड्या सापडल्या, मुकुल. सात! दर वेळी प्लग काढून बघायचा, कसं जळलंय ते त्याच्या रंगावरनं कळतं — काळा, काळा, मग पांढरा, मग परत काळा — आणि आठव्या चकतीला प्लग निघाला भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा. मी वास घेतला त्या प्लगचा. खरंच घेतला. तुझ्या कागदात त्या सात चकत्या कुठल्या पानावर आहेत ते दाखव मला.

चहा घे. गार होतोय. केशरबाईने आलं जास्त घातलंय, तुला आवडतं म्हणून. तिला पण अजून वाटतं तू चांगला मुलगा आहेस.

आणि मी वेडी! चकती हातात काढून दिली तुला. का दिली माहितीये? तू कॉलेजातनं आलास तेव्हा बाहेर पाटी वाचलीस, दगडू मिस्त्री, कार्बोरेटर स्पेशालिस्ट, आणि सगळे विचारतात तसं मिस्त्री कुठेयत असं विचारलं नाहीस. दौलतचा जनरेटर चालू होता इथे, तू धुराच्या नळीमागे हात धरून बघितलंस, हाताला काजळी नाही, आणि माझ्याकडे वळून म्हणालास, मावशी, हे तुम्ही केलंत? तुम्ही! पन्नास वर्षं झाली मला या धंद्याला हात लावून, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही बाप्याने विचारला नव्हता. विठ्ठलवाडीला घरी गेल्यावर सुनेला सांगितलं मी, लहान मुलीसारखं, की आज एकाने विचारलं. दुसऱ्या दिवशी माझ्या इथल्या जनरेटरमधली मूळची चकती काढून तुझ्या रुमालात बांधून दिली, पहिली, जी जमली ती. आता कळलं, तू विचारत नव्हतास, तू खात्री करून घेत होतास.

मान खाली घालू नकोस. वर बघ. हा तुझ्या पेटंटचा कागद, हो, तो पण वाचला, फाईल उघडी होती. चित्र छान काढलंय. सहा पाकळ्या, माप बरोबर, नंबर टाकलेत. आता हे काय आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकळीवर? बारीक बारीक टिंबं. वाच. वाच ना मोठ्याने! नको? मग मी वाचते, मराठीत. 'पृष्ठभागावरील सदतीस सूक्ष्म खड्डे, ज्यांच्या विशिष्ट मांडणीमुळे हवेचा थर पाकळीला चिकटून राहत नाही.' विशिष्ट मांडणी! आणि पुढे, खड्ड्यांमुळे मिश्रणात जवळजवळ दोन टक्के सुधारणा. मशीन लावून मोजलंत? किती दिवस मोजलंत? सहा महिने? किती माणसं होती? अरे देवा — बघ, देव मानत नाही मी आणि तोंडातून देव काढलास माझ्या!

कागद उलटा धर. असा नाही, डोकं खाली. आता डोळे बारीक कर. पाकळ्यांच्या मधली फट विसर. वाच.

वाचलंस? मोठ्याने म्हण. ग... डू. गडू! पाण्याचा गडू नव्हे रे. दगडू. द कापताना भंगारात गेला. ताट होतं ते, मुकुल! स्टीलचं जेवायचं ताट! भांडीवाला विचारतो ना, नाव टाकायचं का, आणि टोच्या आणि हातोडी घेऊन टिकटिक टिकटिक टिंबं ठोकतो — तुझ्या आईच्या घरातल्या वाट्या बघ, सुहासिनी, सुहासिनी, सगळ्या वाट्यांवर, लग्नात शेजारी गेलेली वाटी परत यावी म्हणून. त्या वाटीत वरण खाऊन मोठा झालास तू, आणि ते नाव तुला वाचता आलं नाही. कंपनीतली माणसं परमुलखातली, त्यांना अक्षर कळणार नाही, मान्य. तू? नाही, तुला वाचायचं नव्हतं, तुला मोजायचं होतं. मोजलंस, सदतीस. बरोबर आहेत, मी पण मोजले आत्ता.

दोन टक्के म्हणे. दगडूच्या नावाने दोन टक्के! त्या माणसाने हयातीत जेवढं काम केलं त्यापेक्षा जास्तच झालं हे.

म्हणजे... तसं नाही. काम करायचा तो. उजवी बाजू जाईपर्यंत करायचा. मग अर्धांग झालं, आणि तो बाहेर स्टुलावर बसला, त्या डुगडुगत्या, आणि मी आत पडद्यामागे. गिऱ्हाईक यायचं, हा म्हणायचा, ठेव गाडी, आतून बघून देतो. आतून! आत मी होते. अकरा वर्षं मी त्याचं आतून होते. गाडी नीट झाली की तो डाव्या हाताने किल्ली द्यायचा आणि लोक म्हणायचे, हात गेला पण दगडू मिस्त्रीचा हात अजून तोच आहे. मी ऐकायची. मीच म्हटलं होतं त्याला बसायला बाहेर, बाईच्या हातात गाडी कोण देईल म्हणून. पडदा मीच शिवला, जुन्या साडीचा. हे कुणाला सांगितलं नव्हतं मी, तुला कशाला सांगतेय कोण जाणे.

तुला वाटेल पत्रा नव्हता म्हणून ताट कापलं? खोटं. पत्रा होता. तिथे, त्या कोपऱ्यात, अख्खा तुकडा होता. पण आदल्या दिवशी मिस्त्री मंडळाने सत्कार केला त्याचा. शाल, नारळ. अशीच शाल, याच रंगाची — कुठनं आणता रे तुम्ही सगळे एकाच रंगाच्या? — आणि भाषण, की गाडी धूर करत असेल तर दगडूदादाकडे जा. मी मागच्या खुर्चीवर. त्याने माईक घेतला. मला वाटलं आता म्हणेल. म्हणाला, सगळ्यांचे आभार. बस. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवून झोपला, मी त्याचं ताट घासलं, पुसलं, कोरडं केलं, आणि मधोमध कात्री लावली. त्यातनं निघाली आठवी चकती. पुढच्या जेवणाला विचारतो, माझं ताट कुठंय? म्हटलं, जनरेटरमध्ये. समजला असेल. मरेपर्यंत बिननावाच्या ताटात जेवला तो, पाच वर्षं, आणि एकदाही म्हणाला नाही की नवीन आण. एकदाही.

मला रडू येत नाहीये, पेट्रोलचा वास आहे तो.

तर बघ आता गंमत. सिद्ध करायला मला कोर्टात जायला नको. तुझ्या कागदावरच लिहिलंय चकती कुठनं आली. पण कुणाचं नाव लिहिलंय? त्याचं! ताट कापलं तरी त्याचंच नाव उरलं, आणि त्याच्यावर तुझं. आणि मी? कारागीर. फुलीपाशी सही.

नाही करणार. किती वेळा विचारशील? कंपनी नोकरीवरनं काढेल तर काढू दे, तुझे हात आहेत ना शाबूत, दोन्ही? वकील पाठव. त्याला पण बसवीन याच खोक्यावर आणि पिठलं शिकवीन. सही नाही. पण आलायस इतक्या दिवसांनी, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. ती तुझी नवी चकती दाखव, त्या दुसऱ्या बॉक्समधली, मखमलीत ठेवलेली. दे इकडे. वा. लेझरने कापलीय, चकाकतेय नुसती. खड्डे पण पाडलेत, सदतीस, दगडूसकट, शाब्बास! अरे, ओढू नकोस, फाटेल तुझी मखमल. टोच्या कुठंय माझा — हा. पान्यांवर नावं टाकायला ठेवलाय, केशरबाई नेते आणि देत नाही. धर, कडेला धर. हात मागे घे, लागेल. हलू नकोस, टेबल हलतं.

चौथ्या पाकळीवर... भी. पाचवी... मा. जागा आहे, इथेच दाटीने... बा. सहावी. ई. वरची रेघ बाहेर गेली, जाऊ दे, असते तशी माझी.

घे. जड झाली का? नाही ना? आता कंपनीत सांग, खड्डे वाढलेत. लाव मशीनवर, मोजा सहा महिने, आणि काय निघतं ते मला कळव — खरंच कळव, मला पण बघायचंय. नारळ घेऊन जा. शाल राहू दे. आणि जाताना शटर अर्धं खाली ओढ, बाहेरचा वारा आत येतोय आणि मी हवा-पेट्रोलचं मिक्स्चर लावतेय. ओढ म्हटलं ना. अजून खाली. हां. जा.